गोळीचा वेग मोजणारा रॉबिन्स

मद्रासच्या दक्षिणेस, कडलूर गावाजवळ, समुद्रकाठी पूर्वी एक लहानसा किल्ला होता. १६९० साली तो मराठ्यांकडे होता. छत्रपती राजाराम महाराज त्या वेळी जिंजीस राहून औरंगजेबाच्या फौजांशी झुंज देत होते, आणि युद्धाला पैसा हवा होता. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तो किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. किल्ल्याबरोबर भोवतालचा मुलूखही मिळावयाचा होता. त्याची हद्द ठरविण्याची रीत मोठी विलक्षण होती. किल्ल्यावरून तोफ डागावयाची आणि गोळा जेथवर जाईल तेथवरची भूमी कंपनीची! त्याप्रमाणे एक मोठी तोफ आणून ती निरनिराळ्या दिशांना डागण्यात आली. गोळे जेथे जेथे पडले तेथे तेथे हद्दीच्या खुणा झाल्या. त्या हद्दीत आलेल्या खेड्यांना पुढे लोक तोफगोळ्यांची गावे म्हणू लागले. किल्ल्याला इंग्रजांनी नाव दिले सेंट डेव्हिड.

गोळा किती लांब जाईल हे त्या दिवशी गोळा उडवूनच पाहावे लागले. इतकी दारू, इतके गोळ्याचे वजन आणि तोफेचे तोंड इतके वर, यावरून गोळा अमुक ठिकाणी पडेल असे अगोदर हिशेब करून बिनचूक सांगेल, असा माणूस त्या किल्ल्यात नव्हता. खरे म्हणजे तो साऱ्या जगातच नव्हता. यानंतर एकसष्ट वर्षांनी, १७५१ च्या जुलै महिन्यात, याच किल्ल्यात एक इंग्रज स्थापत्यविशारद तापाने मरण पावला. धावत्या गोळीचा वेग मापून दाखविणारा आणि हवा तिला कशी अडविते हे प्रयोगाने सिद्ध करणारा जो बेंजामिन रॉबिन्स, तो हाच.

रॉबिन्सचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधील बाथ या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. त्याचे आईवडील क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. हा पंथ युद्धाला पाप मानतो. या पंथाचे लोक शस्त्र हाती धरीत नाहीत, कोणी बळजबरी केली तर तुरुंगवास पत्करतात, पण लढाईवर जात नाहीत. अशा घरातील मुलाने पुढे तोफाबंदुकांच्या शास्त्राचा पाया घालावा, हा योग चमत्कारिक खरा. तथापि लहान बेंजामिनचे लक्ष तेव्हा तोफांकडे नव्हते, गणिताकडे होते. गणिताची अवघड पुस्तके तो आपली आपणच वाचून समजून घेई. त्याने सोडविलेली काही उदाहरणे लंडनमधील डॉक्टर पेम्बर्टन यांच्या पाहण्यात आली. हे गृहस्थ साधे नव्हते. न्यूटनच्या थोर ग्रंथाची तिसरी आवृत्ती त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. त्यांच्या सल्ल्याने रॉबिन्स लंडनला आला. तेथे त्याने क्वेकर पंथाचा वेश टाकला आणि हळूहळू तो पंथही त्याच्यापासून दूर राहिला.

पुढची वर्षे भराभर गेली. १७२७ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटी या विख्यात विद्वत्सभेचा सभासद झाला. पोटासाठी तो मुलांना गणित शिकवी. परंतु एका जागी बसून शिकवीत राहणे त्याच्या स्वभावाला मानवेना. म्हणून त्याने पूल, गिरण्या, बंदरे आणि नद्यांचे प्रवाह यांचा अभ्यास आरंभिला, आणि किल्ल्यांची बांधणी पाहावयास तो समुद्र ओलांडून फ्लँडर्स प्रांतातही जाऊन आला. याच सुमारास तोफांच्या विद्येतील एक मोठी विसंगती त्याच्या ध्यानात आली.

ही विसंगती कोणती ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. तोफेतून सुटलेला गोळा आधी सरळ रेषेत जातो आणि अंगातील जोर संपला की खाली पडतो, अशी जुन्या लोकांची समजूत होती. टार्टाग्लिया नावाच्या इटालियन गणितज्ञाने सोळाव्या शतकात असे दाखविले, की गोळ्याच्या मार्गाचा कोणताही भाग पुरता सरळ असत नाही. नंतर गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचे कारण उलगडले. गोळीला एकाच वेळी दोन गती असतात. बंदुकीने दिलेली गती तिला पुढे नेते, आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण तिला त्याच क्षणापासून खाली खेचू लागते. चार फूट उंचीवर बंदूक अगदी आडवी धरून गोळी झाडली आणि त्याच क्षणी तेवढ्याच उंचीवरून दुसरी गोळी नुसती हातातून सोडली, तर हवेचा विचार बाजूला ठेवल्यास दोन्ही गोळ्या सुमारे अर्ध्या सेकंदात एकदमच जमिनीवर पडतील. एक पायाशी पडेल आणि दुसरी शेकडो फूट दूर, एवढाच काय तो फरक. पुढे जाणे आणि खाली पडणे या दोन गती एकत्र झाल्या म्हणजे जो वक्र मार्ग होतो त्याला गणितात अन्वस्त म्हणतात.

गॅलिलिओचा हा विचार इतका सुंदर होता, की गोलंदाजीच्या पुस्तकांनी तो डोळे मिटून उचलला. बंदुकीसारख्या अतिवेगवान गोळ्यांना हवेमुळे हा नियम तंतोतंत लागू पडणार नाही, अशी सूचना गॅलिलिओने स्वतःच देऊन ठेवली होती. ती मात्र लोक विसरले. हवेसारखी विरळ वस्तू शिशाच्या नाही तर लोखंडाच्या जड गोळ्याला काय अडविणार, असे बहुतेकांना वाटे. ज्याच्या नावाचा धूमकेतू तुम्हांस माहीत आहे, त्या हॅलेसारख्या विद्वानाचेही जड गोळ्यांविषयी असेच मत होते. मोठ्या माणसाचे नाव पुढे आले, की तपासून पाहण्याचा आळस वाढतो तो असा.

रॉबिन्सने तपासून पाहावयाचे ठरविले. परंतु तपासावयाचे तर गोळीचा वेग कळला पाहिजे, आणि तो मोजावा कसा? गोळी डोळ्यांस दिसत नाही. शंभर फूट जाण्यास तिला एका सेकंदाचा सोळावा भागही लागत नाही, आणि त्या काळच्या घड्याळांना इतका सूक्ष्म काळ मोजता येत नव्हता. ही अडचण रॉबिन्सने ज्या युक्तीने सोडविली ती इतकी सोपी आहे, की आपल्याला ती आधी का सुचली नाही, असे कित्येकांना पुढे वाटले असेल.

त्याने तीन खांबांची एक घोडी उभी केली. तिच्यावरून एक जड लंबक टांगला. त्याच्या खालच्या अंगाला लोखंडाची पाटी आणि तिच्यावर लाकडाचा जाड ठोकळा घट्ट बसविला. सगळ्याचे वजन होते सुमारे ५६ पौंड. मग थोड्या अंतरावरून नेम धरून त्या ठोकळ्यात गोळी मारावयाची. गोळी लाकडात घुसून तेथेच अडकते आणि ठोकळा झोका घेतो. लंबकाच्या खालच्या टोकाला एक फीत जोडलेली असे. झोक्याबरोबर ती ओढली जाई, आणि किती ओढली गेली यावरून झोका केवढा झाला ते कळे.

यात वेग कसा कळला? आगगाडीच्या डब्याला दुसरा डबा येऊन धडकतो आणि दोघे मिळून सावकाश पुढे जातात, हे तुम्ही स्थानकावर पाहिले असेल. पहिल्या डब्याची गती नाहीशी होत नाही, ती दोघांत वाटली जाते. वजन आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात, आणि धडकेच्या आधीचा एकूण संवेग व नंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो. आता असे समजा, की ठोकळ्याचे वजन गोळीच्या सहाशेपट आहे. मग गोळी आत शिरल्यावर दोघांचा मिळून वेग गोळीच्या मूळ वेगाच्या सुमारे सहाशेवा हिस्सा होणार. गोळी सेकंदाला १७०० फूट वेगाने आली असेल, तर ठोकळा सेकंदाला तीन फुटांहूनही कमी वेगाने हलेल. म्हणजे अगदी रमतगमत चालणाऱ्या माणसासारखा! इतका मंद वेग मोजणे काही कठीण नाही. आणि तो मोजण्यास घड्याळही लागत नाही. झोका घेताना ठोकळा किती उंच चढला हे समजले, की वस्तूंच्या पडण्याच्या नियमावरून सुरुवातीचा वेग काढता येतो. वरच्या उदाहरणात ठोकळा जेमतेम दीड इंच उंच चढेल. त्या दीड इंचावरून अदृश्य गोळीचा वेग सापडला.

आता रॉबिन्सने पुढचे पाऊल टाकले. तीच बंदूक, तेवढीच दारू, आणि पाऊण इंच जाडीची तशीच शिशाची गोळी घेऊन त्याने लंबक निरनिराळ्या अंतरांवर ठेवून पाहिला. २५ फुटांवर गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १६७० फूट, म्हणजे ५०० मीटरांच्या आसपास, भरला. ७५ फुटांवर तो १५५० फूट झाला आणि १२५ फुटांवर १४२५ फूट. दर पन्नास फुटांत गोळी शंभराहून अधिक फूट वेग गमावीत होती. हा वेग कोणी खाल्ला? मध्ये हवेवाचून दुसरे काहीच नव्हते. रॉबिन्सने हिशेब केला तेव्हा असे आढळले, की या वेगाने जाणाऱ्या गोळीला हवा तिच्या वजनाच्या शंभराहूनही अधिक पट जोराने मागे लोटीत असते. ज्या हवेला सारे क्षुल्लक समजत होते, तिचा जोर पृथ्वीच्या ओढीपेक्षा शंभरपट निघाला!

या एका गोष्टीने गोलंदाजीची जुनी कोष्टके कोसळली. अन्वस्ताच्या नियमाप्रमाणे ही गोळी ४५ अंशांच्या कोनात झाडली तर १७ मैलांवर पडावयास हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नसे. तिचा खरा मार्ग दोन्ही बाजूंनी सारखा असत नाही. चढताना तो लांबट असतो, आणि उतरताना गोळी दमल्यासारखी उभीच्या उभी खाली येते.

हवेच्या या विरोधातही रॉबिन्सला आणखी एक गूढ सापडले. न्यूटनच्या नियमाप्रमाणे वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. मंद वेगाला हे बरेचसे लागू पडे. पण गोळीचा वेग वाढत वाढत ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला अकराशे फुटांच्या जवळपास पोहोचला, की विरोध एकाएकी नियमाच्या सुमारे तिप्पट होई. ध्वनीहून वेगवान विमाने बांधताना विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांना याच अडथळ्याशी झगडावे लागले. रॉबिन्सजवळ तर एक टांगलेला ठोकळा आणि एक फीत एवढीच सामग्री होती.

हे सारे ज्या कारणाने पुस्तकात आले, तो प्रसंग रॉबिन्सला सुखाचा नव्हता. १७४१ साली वुलिच येथे तोफखान्याचे शिक्षण देणारे सरकारी विद्यालय निघाले. तेथील अध्यापकाची जागा मिळावी म्हणून रॉबिन्सने आपले प्रयोग नीट मांडून काढले. जागा मात्र दुसऱ्याला मिळाली. त्या वेळच्या प्रधानमंडळाविरुद्ध त्याने पत्रके लिहिली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निकालाचे फारसे नवल वाटत नाही. विद्यालयाचे दार बंद झाले, तेव्हा त्याने आपले लिखाण १७४२ साली गोलंदाजीच्या नव्या तत्त्वांचे पुस्तक म्हणून छापले. पुस्तक आकाराने लहानच होते. बंदुकीच्या दारूचा स्फोट होतो तेव्हा नळीत जो वायू कोंडतो त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे हजारपट असतो, असा अंदाजही त्याने त्यात प्रयोगाने बांधला होता.

त्या पुस्तकाचे पहिले मोठे स्वागत इंग्लंडबाहेर झाले, आणि तेही अशा माणसाकडून, की ज्याच्याकडून त्याची अपेक्षा करण्याचे कारण नव्हते. लेनर्ड ऑयलर हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ गणितज्ञ बर्लिनमध्ये होता. तीनच वर्षांपूर्वी, १७३९ साली, रॉबिन्सने ऑयलरच्या एका ग्रंथावर तिखट टीका छापली होती. दुसरा कोणी असता तर त्याने या पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिले नसते. ऑयलरने ते पुस्तक जर्मन भाषेत उतरविले, त्याच्या मूळ आकाराहून कितीतरी मोठ्या टीपा लिहिल्या आणि १७४५ साली ते प्रसिद्ध केले. जेथे पटले तेथे मान्य केले, जेथे पटले नाही तेथे तसे सांगितले. मला तर या साऱ्या हकीकतीत हा भाग सर्वांत मोठा वाटतो.

ऑयलरला जे पटले नाही त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची होती, आणि तीत रॉबिन्सच बरोबर होता. बंदूक तीच, नेम तोच, तरी एक गोळी डावीकडे जाते, दुसरी उजवीकडे, तिसरी वर. असे का व्हावे? गोळी ओबडधोबड असते म्हणून, असे ऑयलर म्हणे. रॉबिन्सचे म्हणणे असे, की गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. ती नळीच्या कडांना घासत जाते आणि बाहेर पडताना स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागते. जी बाजू फिरत फिरत पुढे येते तिला हवा अधिक अडविते, जी मागे जाते तिला कमी. म्हणून गोळी कमी विरोधाच्या बाजूला ढळते.

हे सिद्ध करण्यास त्याने एक बंदूक घेतली आणि तिची नळी तोंडापाशी थोडी डावीकडे वाकविली. समोर ओळीने पातळ कागदांचे पडदे लावले आणि शेवटी भिंत होती. वाकड्या नळीची गोळी डावीकडे जाणार, असे कोणीही म्हणेल. रॉबिन्सचा तर्क निराळा होता. नळी डावीकडे वळलेली असल्यामुळे गोळी उजव्या कडेला घासत बाहेर येईल. त्या घासण्याने तिची उजवी बाजू मागे राहील आणि डावी पुढे सरकेल. अशी फिरणारी गोळी हवेत गेल्यावर उजवीकडे वळली पाहिजे. बंदूक उडाली. पहिल्या पडद्यांवरील भोके खरोखर डावीकडे होती. पुढच्या पडद्यांवर ती उजवीकडे सरकत गेली. भिंतीवर तर गोळी मधल्या रेषेला ओलांडून स्पष्ट उजव्या बाजूस लागली होती.

क्रिकेटमध्ये फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्यापूर्वी हवेतच बाजूला सरकतो, तो याच कारणाने. या परिणामाला आज मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याचे प्रयोग १८५२ चे, म्हणजे रॉबिन्सनंतर शंभर वर्षांचे.

गिरकीचे हे रहस्य कळताच तिच्यावरचा उपायही रॉबिन्सने ओळखला. गिरकी थांबविता येत नसेल, तर तिला वळण लावावे. नळीच्या आतून मळसूत्राप्रमाणे खाचा पाडण्याची रीत युरोपात फार पूर्वीपासून होती. त्या खाचांतून निघालेली गोळी आपल्या जाण्याच्या दिशेलाच आस करून, गिरमिटासारखी फिरत जाते. मग तिची कोणतीही एक बाजू हवेत अधिक अडकत नाही, आणि फिरणारा भोवरा जसा आपली आर सोडीत नाही तशी ती आपली दिशा सोडीत नाही. कारागीर खाचा पाडीत होते, पण त्यांनी नेम का सुधारतो याचे खरे कारण रॉबिन्सने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. गोळी वाटोळी न करता अंड्याच्या आकाराची करावी, असेही त्याने सुचविले. जे राष्ट्र अशा बंदुका चांगल्या तऱ्हेने बनवून आपल्या सैन्यास देईल ते रणांगणावर इतरांना भारी पडेल, हे त्याचे भाकीत मात्र तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. शतकभराने लांबट गोळ्यांच्या रायफली सर्व सैन्यांत आल्या. १८५७ साली आपल्या देशात ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती अशाच रायफलीची काडतुसे होती.

१७४६ साली रॉयल सोसायटीने रॉबिन्सला आपले मानाचे कॉप्ली पदक दिले. आता त्याचे नाव झाले होते. ईस्ट इंडिया कंपनीलाही ठाऊक झाले होते. फ्रेंचांनी १७४६ साली मद्रास जिंकून घेतले होते. तहानंतर ते परत मिळाले, पण आपले किल्ले किती कच्चे आहेत हे कंपनीला कळून चुकले. ते पक्के करण्यासाठी तिने रॉबिन्सला आपला मुख्य स्थापत्यविशारद नेमले. १७४९ च्या अखेरीस तो इंग्लंडहून निघाला आणि १७५० च्या जुलैमध्ये सेंट डेव्हिड किल्ल्यावर उतरला.

आल्याबरोबर त्याने कामाला हात घातला. मद्रासच्या आणि सेंट डेव्हिडच्या तटबंदीचे नवे आराखडे तयार केले. हवेच्या विरोधाचे आणखी प्रयोग करण्याचाही त्याचा मानस होता. परंतु त्या किनाऱ्यावरील हवा त्याला सोसली नाही. दोन महिन्यांतच त्याला तापाने गाठले. त्यातून तो उठला, पण पहिली शक्ती परत आली नाही. २९ जुलै १७५१ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. अखेरपर्यंत तो कंपनीसाठी अहवाल लिहीत होता आणि मृत्यू आला तेव्हा लेखणी त्याच्या हातात होती, असे सांगतात.

त्याचे विखुरलेले लेख मित्राने गोळा करून १७६१ साली दोन भागांत छापले. गोलंदाजीच्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतरही झाले, आणि १७८८ च्या सुमारास ओसॉन येथील तोफखान्याच्या शाळेत एक तरुण अधिकारी ते वाचून त्याची टिपणे काढीत बसे. त्याचे नाव नेपोलियन बोनापार्ट. ज्या सेंट डेव्हिड किल्ल्याच्या तटांची आखणी रॉबिन्सने केली, तो १७५८ साली फ्रेंचांनी वेढा घालून जिंकला आणि त्याचे तट पाडून टाकले. आज कडलूरजवळ गडिलम नदीकाठी त्याचे थोडे अवशेष दिसतात.